बिनखिशाचं जाकीट

आमची मुंगी वेल्डिंग शिकायला विद्यापीठात गेली तेव्हा आत्या म्हणाली, "अगं त्याला विद्यापीठ कशाला लागतं, कोपऱ्यावरच्या ग्रिलवाल्याकडे बसव की चार महिने. डबा पण घरचाच जाईल."

सगळे हसले. मुंगी पण हसली. मग म्हणाली, "आत्या, तुझं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा ताईला का नाही बोलावलं? टाके तर ती पण घालते, मशीनवर."

आत्यानं चहाचे कप उचलले.

मुंगी म्हणजे माझी धाकटी बहीण. हे नाव मीच ठेवलं. रांगायची तेव्हापासून आपल्यापेक्षा मोठी वस्तू ओढत घरात आणायची, विटेचा तुकडा काय, सायकलची चेन काय, एकदा तर कुणाच्या दारातलं पायपुसणं. वडील लवकर गेले. आई सकाळी कामाला जायची ती संध्याकाळी यायची, मी शाळा सोडून शिवणाच्या मशीनवर बसले आणि मुंगी माझ्या मशीनखाली वाढली. मशीनचं पायडल हलायचं त्या आवाजावर ती झोपायची, मशीन थांबलं की उठून रडायची. म्हणून मी काम नसलं तरी मशीन चालवायची, रिकामी, दोरा न ओवता. आता सांगा अशी पोर कुणाची. आईची खरी, पण जास्त माझीच की.

ती माझ्यापासून पहिल्यांदा सुटली ती ग्रिलवाल्या काकांमुळे. काकांचं दुकान आमच्या खोलीच्या समोर कोपऱ्यावर. खिडक्यांच्या जाळ्या, फाटकं, जिन्याचे कठडे असलं काम. ते रॉड टेकवायचे आणि निळा उजेड पडायचा, पार आमच्या भिंतीवर. की मुंगी मशीनखालून निघालीच. मी हाका मारायची, काका ओरडायचे, "बघू नको गं पोरी, डोळे जातील," आणि ही बोटांच्या फटीतून बघायची. एकदा डोळे असे सुजले की आत वाळू भरलीय म्हणायची. मी ओलं फडकं ठेवत बसले. म्हटलं, "आता जाशील परत?"

म्हणाली, "काळी काच घालून जाईन."

मला काकांचा काय राग आला. माझ्याकडे किती रंगांचे दोरे होते, भिंतभर. त्यांच्याकडे एकच निळा.

पुढे तिला इंजिनियरिंगला जागा मिळाली. बाकीच्यांनी कॉम्प्युटर घेतलं, हिनं वेल्डिंगची शाखा घेतली. शाखेचं नाव लांबलचक होतं, त्यात जोडणी असा एक शब्द होता, मला तेवढाच लक्षात राहिला. मी विचारलं, "एवढं काय शिकवतात गं? काका तर सकाळी सुरू करून संध्याकाळी फाटक उभं करतात."

"काका छानच जोडतात," ती म्हणाली. "आम्ही शिकतो की जोड तुटला तर का तुटला. आणि तुटायच्या आधी कसं ओळखायचं. काकांचं फाटक निखळलं तर काका येऊन परत टाका मारतील. पूल निखळला तर कोण येणार?"

आईला एवढंच कळलं की पोरगी पुलाबद्दल बोलते. तिनं शेजारी सांगून टाकलं की आमची मुंगी पूल बांधते.

एकदा तिनं लोखंडाचा एक तुकडा आणला, बोटाएवढा. कापून, घासून आरशासारखा केलेला, मग त्यावर कसलंसं अॅसिड लावलेलं. तसं केलं की म्हणे आतलं सगळं वर दिसतं. खरंच दिसत होतं. मधे जोड, कांद्याच्या पाकळीसारखे थर थर. दोन्ही बाजूंना साधं लोखंड. आणि त्यांच्या मधे एक काळपट पट्टी.

"ही पट्टी बघ ताई. ही वितळली नाही. हिला नुसती झळ लागली. पण झळ लागली म्हणजे ती पहिल्यासारखी राहिली नाही. जोड नीट केलेला असला ना, तर तो नाही तुटत. त्याच्या शेजारी तुटतं. इथं."

मी म्हटलं, "मग त्यात काय. शिवण तरी कुठं फाटते. शिवणीच्या कडेला कापड फाटतं. टाके फार बारीक घातले की जास्तच."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता काहीतरी चांगलं बोलेल. म्हणाली, "हो ना. मॅडम पण हेच म्हणतात."

मॅडम. झालं. एवढं मी डोकं चालवून बोलले आणि बक्षीस मिळालं मॅडमना.

या मॅडम तिला वेल्डिंग शिकवायच्या. घरात त्यांचं नाव नाही असा एक दिवस गेला नाही. मॅडम म्हणतात आधी लोखंड गरम करायचं, मग जोडायचं, मग हळूहळू गार होऊ द्यायचं. मॅडम म्हणतात घाई केली तर तडा लगेच जात नाही, सगळे हात धुऊन घरी गेले की मग जातो. मॅडम म्हणतात केस घट्ट बांध. अहो केस मी बांधत आले हिचे, शेंबूड पुसत आले, आणि केस बांध हे मॅडमनी सांगायचं. मॅडम चहा बिनसाखरेचा पितात म्हणून हिनं साखर सोडली. मुंगी आणि साखर सोडते, म्हणजे बघा.

मी म्हणायची, "तुझ्या मॅडमना म्हणावं एकदा या आमच्याकडे, कुंची शिवून देते."

"कशाला?"

"फार थंड डोकं आहे ना त्यांचं. सर्दी व्हायची."

ती हसून लोळायची. मी हसायची नाही.

मग दुसऱ्या वर्षी त्यांना हातानं वेल्डिंग करायचं होतं. ती म्हणाली, "ताई, जाड सुती जाकीट लागतं. गळ्यापर्यंत बंद." मी मनात म्हटलं आता आली माझी पाळी. आता बघू दे मॅडमना. जाड निळं सुती कापड आणलं. नवरीचा झगा शिवला नसता एवढ्या हौसेनं शिवलं. दुहेरी शिलाई, दोरा नायलॉनचा घातला, चमकदार, ओढून तुटायचा नाही असला. छातीवर मोठा खिसा लावला. बाह्या जरा लांब ठेवून वर दुमडल्या, ती बुटकी होती ना, तिला दुमडलेल्या बाह्या शोभायच्या. आमच्या धंद्यात खिसा जास्तीचा लावला की गिऱ्हाईक खूश होतं. जास्तीचा खिसा म्हणजे जास्तीची माया.

ते पहिल्यांदा घालून गेली त्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली ती दुसऱ्याच कुणाचं तरी कातड्याचं जाकीट घालून. खांदे उतरलेले, बाह्या गुडघ्यापर्यंत. माझं जाकीट पिशवीत. मी काढून बघितलं तर एक बाही खांद्यातून सुटून लोंबत होती. कापड शाबूत, दोराच गेलेला. नायलॉन ना तो, ठिणगीनं वितळला. दुमडलेल्या बाह्यांत ठिणग्या जमल्या, वाटीत दाणे पडावेत तशा. आणि एक निखारा सरळ खिशात गेला. खिशात रुमाल होता, तो धुमसायला लागला.

"भाजलं का तुला?"

"मला नाही. मॅडमना थोडं. त्यांनी हातानंच विझवलं. आणि हे त्यांचं जाकीट मला दिलं. स्वतः शिकत होत्या तेव्हाचं आहे." आणि असं म्हणताना तिनं त्या कातड्यावरून हात फिरवला. कसा फिरवला ते मी बघितलं. रेशमावरून कोणी फिरवणार नाही असा.

आई म्हणाली, "देव भलं करो त्या बाईचं." मी उसवायचं ब्लेड शोधायला लागले.

मी ते जाकीट पूर्ण उसवलं. एक एक शिवण. परत शिवलं ते सुती दोऱ्यानं. खिसा काढून टाकला. बाह्या मनगटाला घट्ट केल्या. बटणांवरून पट्टी घेतली म्हणजे ठिणगीला आत जायला फटच नको. सगळ्या कडा आतून बंद. असं जाकीट मी आयुष्यात कुणाला शिवलं नव्हतं, बघायला एकदम साधं, गोणपाटासारखं, पण त्यात कुठं बोट घालायला जागा नाही. आठवड्यानं एका सकाळी तिच्या हातात दिलं. तिनं आत बाहेर करून बघितलं, म्हणाली, "हे जमलं ताई," आणि पिशवीत घातलं.

आता झालं असं की दोन्ही जाकिटं तिकडं कार्यशाळेतच राहायची, खुंटीवर. घरी कधी आलीच नाहीत. मी धुवायला मागितलं तर म्हणायची तिकडे धुते. मी एकदा विचारलं, "कुठलं घालतेस गं?"

"जे हाताला येईल ते."

हा काय जबाब झाला? मला एकच जाणून घ्यायचं होतं, माझं घालते की त्यांचं. एवढंच. पण दुसऱ्यांदा विचारणार कसं, आपलाही काही मान असतो.

ती तिकडे लोखंडाच्या पट्ट्या जोडायची, मग त्या यंत्रात घालून वाकवायच्या, पार दोन्ही टोकं शेजारी येईपर्यंत, आणि जोडावर चीर पडली तर नापास. पहिल्या वेळी तिची पट्टी काडीसारखी मोडली. घरी येऊन जेवली नाही. मी सांगितलं, "माझी पहिली कॉलर कुत्र्याच्या कानासारखी झाली होती." तरी तोंड पाडूनच. मग कुणाचा तरी फोन आला, ती बाहेर जाऊन बोलली, आत आली तर चेहरा फुललेला. "मॅडम म्हणतात त्यांची पण पहिली मोडली होती." म्हणजे माझ्या कॉलरीनं जे झालं नाही ते त्यांच्या पट्टीनं झालं. मी ताट उचलून ठेवलं. ती म्हणाली, "अगं मला वाढ की आता." वाढलं.

पुढच्या वेळी तिची पट्टी वाकली, मोडली नाही. ती वाकलेली पट्टी तिनं घरी आणून मला दिली. मी ती दरवाजात अडकवते, वाऱ्यानं आपटू नये म्हणून. अजून तिथंच आहे.

शेवटचं वर्ष चालू होतं. सकाळी बूट घालत होती. नाडी बांधता बांधता म्हणाली, "ताई, डोकं फार दुखतंय," आणि तिथंच भिंतीला टेकली. डॉक्टर म्हणाले डोक्यातली नस फुटली. दिवस मावळायच्या आत सगळं संपलं होतं. याच्यापेक्षा जास्त मला ते सांगता येत नाही.

लोक भेटायला येत होते. मॅडम पण आल्या. मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मला वाटायचं उंच असतील, ऐटबाज असतील. साध्याच होत्या, माझ्याच वयाच्या, चप्पल झिजलेली. त्या दारात उभ्या राहिल्या आणि एकदम रडायला लागल्या, मोठ्यानं, लहान मुलासारख्या. घरातले सगळे त्यांना धरायला धावले. आत्यानं पाणी दिलं. आईनं त्यांना जवळ घेतलं. मी तिथंच मशीनजवळ उभी होते. मला रडू येत नव्हतं. मला कोणी पाणी पण दिलं नाही. मी मनात म्हटलं, ही बाई इथं पण माझी जागा घेऊन बसली.

मग आई म्हणाली, "तिचं सामान तिकडे पडलंय, जाऊन घेऊन ये." मी गेले. खरं तर सामानाशी मला काही घेणं नव्हतं. मला ते जाकीट बघायचं होतं. ते घातलेलं आहे की नुसतंच टांगलेलं आहे, ते मला बघितल्यावर कळणार होतं. माणूस मन राखायला खोटं बोलतो, कापड बोलत नाही.

कार्यशाळा मोठी, लोखंडाचा आणि जळक्याचा वास. एकेकाला उभं राहायला पडद्यांची खोपटी केलेली. पोरं काम थांबवून बघायला लागली. मॅडम पुढे आल्या, म्हणाल्या, "या ताई." ताई म्हणाल्या मला. भिंतीला खुंट्या होत्या. एका खुंटीवर कातड्याचं जाकीट आणि त्याच्या वर माझं.

मी ते काढून खिडकीपाशी नेलं. पुढचा सगळा भाग बारीक बारीक भोकांनी भरलेला, टाचणीच्या डोक्याएवढ्या, चाळणीच झाली होती. डावी बाही उजवीपेक्षा काळी. कॉलर आतून घामानं पिवळी आणि मऊ पडलेली. आणि शिवण एकही सुटली नव्हती. कातड्याचं तर खुंटीवर तसंच वाळून कडक झालेलं, खांद्यावर धूळ.

मला इतका आनंद झाला. अशा जागी, अशा वेळी. पण झाला.

मग मी बाही उलटी केली आणि डाव्या कोपराला ठिगळ दिसलं. ठिगळ कसलं, नुसती गोधडी. एक टाका लांब, एक आखूड, गाठी वरच्या अंगाला.

"हे कुणी केलं?"

मॅडम म्हणाल्या, "मी."

"तुम्ही?"

"वाईट झालंय ना?"

"वाईट म्हणजे," मी म्हटलं, "शाळेतली पोर पण याच्यापेक्षा बरं करेल. आणि माझ्याकडे का नाही पाठवलं? मी काय मेले होते?"

तोंडातून शब्द गेला आणि मी बाही परत सरळ करायला लागले. मग त्या म्हणाल्या, "मी सांगितलं होतं घरी पाठव. ती म्हणाली, ताईला दाखवलं तर ताई हे ठेवून घेईल आणि नवीन शिवून देईल. तिला नवीन नको होतं. हेच हवं होतं."

म्हणजे त्यात पण या दोघींचं गुपित. मी म्हटलं, "तुमचं कातड्याचं होतं की मग."

"ते तिनं आठवड्यात परत आणून टांगलं. म्हणाली, मॅडम, ताईनं नवीन दोऱ्यानं शिवलंय. नाही घातलं तर तिला कळेल, ती कापड बघून ओळखते." मॅडम त्या कातड्याची धूळ झटकायला लागल्या. "ताई, खरं सांगू का. मला तुमचा फार राग यायचा."

"माझा? मी कुठं तुम्हाला भेटले?"

"म्हणूनच. न भेटता दिवसभर वर्गात असायचात. ताई म्हणते लांब शिवण असेल तर आधी मधे टाका घाल. ताई म्हणते दोरा ओढला की कापड चुरगळतं. मी एकदा शिकवायला उभी राहिले की जोडाच्या शेजारी का तुटतं. तर ही उठून म्हणाली, मॅडम, ताई म्हणते शिवण नाही फाटत, कडेला कापड फाटतं. मी एवढी आकृती काढली होती फळ्यावर. कुणी बघितली नाही. परीक्षेत एका मुलानं उत्तरात कापडच लिहिलं."

"मार्क दिले का?"

"द्यावे लागले. बरोबर होतं."

मी हसले. त्या पण हसल्या. आणि हसता हसता मला रडू आलं, जे घरी आलं नव्हतं ते. मी त्या जाकिटात तोंड घातलं. जळका वास होता आणि खाली तिचा. मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही ते बरं केलं. ठेवला असता तर मी झटकला असता.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "हे इथंच राहू दे का? तिच्या खुंटीवर. मुलांना पण तसंच वाटतं."

"नाही."

"मी कुणाला घालू देणार नाही."

"मुलांना तुमचं कातड्याचं आहे," मी म्हटलं. "तेही तिनं घातलंय. आठवडाभर."

हे मी मुद्दामच म्हटलं, आठवडाभर. त्यांना लागलं असणार. त्या माझं जाकीट हातात घेऊन घडी घालायला लागल्या. घडी पण चुकीची घालत होत्या, बाह्या बाहेर. मी त्यांच्या हातातून घेतलं आणि नीट घातली. त्यांच्या उजव्या तळव्यावर भाजल्याची जुनी खूण होती, मी शिवलेला खिसा त्या हातानं विझवला होता. मी बघितली. त्यांनी हात मागे घेतला.

आता ते जाकीट माझ्या मशीनच्या मागं खिळ्याला असतं. ते ठिगळ उसवायला मी ब्लेड किती वेळा हातात घेतलं असेल. आमच्या धंद्यात असं काम टांगलेलं बरं दिसत नाही, गिऱ्हाईक विचारतं, हे तुम्ही केलं का. मी सांगते, नाही, वेल्डिंगच्या एक मॅडम आहेत, त्यांनी केलं. लोकांना वाटतं मी थट्टा करते. उसवत मात्र नाही. त्या वाकड्या टाक्यांवर मुंगीचं कोपर टेकलेलं आहे, माझ्या सरळ टाक्यांवर टेकलं तसंच.

आणि मॅडम येतात. अधूनमधून, कामावरून घरी जाता जाता. बटण तुटलं म्हणून. कधी बाहीचं, कधी गळ्याचं. आता एवढं मला कळतं की बटण आपोआप गळतं तेव्हा दोऱ्याचं टोक झिजून पिंजलेलं असतं. यांचा दोरा कात्रीनं कापल्यासारखा सरळ असतो. मी त्यांना ते बोलून दाखवत नाही. बाकीच्यांकडून घेते तेवढेच पैसे घेते, एक पै कमी नाही.

"बसा," म्हणते. आई चहा देते, बिनसाखरेचा. आईला त्यांचं फार कौतुक, ते मला अजून खुपतं. त्या मशीनसमोरच्या स्टुलावर बसतात आणि माझ्या डोक्यावरून मागे खिळ्याकडे बघत राहतात. बटणाला चार भोकं असतात. एरवी मी हे काम बोलता बोलता उरकते. त्यांचं बटण असलं की चारी भोकांतून दोरा सावकाश फिरवते, दोनदा, मग खाली गुंडाळते, मग गाठ. तेवढा वेळ बघू देते. गाठ मारली की म्हणते, "झालं हं मॅडम," आणि मग त्यांनी उठायचं.